पांढरे तेवढे रुपे नव्हे!

दसरा उलटला की घरोघरचे माळे बोलू लागतात. झाडलोट करता करता एखादी पत्र्याची पेटी खाली येते. पेटीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले गाठोडे असते आणि त्यातून काळेठिक्कर पडलेले असे काहीतरी बाहेर येते, की त्याचे नावसुद्धा घरातल्या निम्म्या माणसांना सांगता येत नाही. नात विचारते, "आजी, हे काय गं?" सून विचारते, "चांदीचंच आहे ना?" आणि घरचे कर्ते पुरुष चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "काय भरेल वजन?" नातीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोणीच देत नाही. सुनेच्या प्रश्नाचे उत्तर सगळेच देतात आणि ते प्रत्येकाचे वेगळे असते. कर्त्या पुरुषांना मात्र कोपऱ्यावरचा सराफ ताबडतोब उत्तर देतो. तिथेच गाठोड्याची गोष्ट संपते.

माझे वडील कोल्हापूरच्या गुजरीत एका सराफी पेढीवर चाळीस वर्षे हिशेब लिहीत होते. मी पुढे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे कसोटीचा दगड आणि परीक्षानळी या दोन्हींशी माझी लहानपणापासून घसट. निवृत्तीनंतर हा उद्योग मागे लागला आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर कोणी ना कोणी रुमालात बांधलेला ऐवज घेऊन दारात उभे असतेच. चहा होतो, गाठ सुटते आणि पहिले वाक्य ठरलेले असते: "हे पेशवाईतलं आहे बरं का!"

आपल्याकडे प्रत्येक जुन्या वस्तूचा जन्म पेशवाईतच का होतो, हे मला अजून उमगलेले नाही. पेशवाई संपली १८१८ साली. त्यानंतर दोनशे वर्षे आपल्या आज्या-पणज्यांनी काहीच घडवले नाही की काय?

सोन्याची काळजी घरोघर घेतली जाते. त्याची यादी असते, पावती असते, बँकेत कुलुपाआड जागा असते. चांदीच्या नशिबी ते नाही. सोने म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालायचे नाही, हा आपला जुना संकेत. म्हणून पायातले सगळे चांदीचे: जोडवी, मासोळ्या, विरोद्या, पैंजण, तोरड्या, साखळ्या, तोडे. बाळाचे वाळे, बिंदल्या नि करगोटा चांदीचे. कमरपट्टा चांदीचा. शेतावर राबणाऱ्या बाईच्या हातातले गोठ आणि दंडातली वाकी चांदीची. झिजणारे, मळणारे, रोज अंगावर असणारे ते चांदीचे, आणि म्हणूनच ते दुर्लक्षितही. त्यातून २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेला आणि माळ्यावरची गाठोडी भराभर खाली उतरू लागली. उतरली ती बहुतेक मुशीतच गेली.

मूस एका प्रश्नाचे उत्तर चोख देते: चांदी किती? पण हा दागिना कधीचा, कोणाचा, कसा घडवलेला, याचा पुरावा त्या उत्तराबरोबरच वितळून जातो. म्हणून माझे सांगणे एवढेच असते, की मोडण्याआधी एक संध्याकाळ त्या दागिन्यापाशी बसा. तो बरेच बोलतो.

आधी हे लक्षात ठेवा, की चिंच, राख, रांगोळी, दात घासायची पेस्ट यांपैकी काहीही घेऊन त्याच्यावर तुटून पडू नका. बायकांना (मीही बाईच आहे, म्हणून म्हणते) काळे दिसले की घासल्याशिवाय चैन पडत नाही. पण तो काळेपणा साक्षीदार आहे. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. तांबे जास्त असेल तर खाचांतून हिरवट खार डोकावतो. मुलामा असेल तर उंचवट्यांवर तो उडून आतला लालसर किंवा पिवळट धातू दिसतो. खाचेत पांढरे आणि माथ्यावर पिवळे असे दिसले की मुलाम्याचा संशय धरावा. घासून लख्ख केलेल्या दागिन्यावर यातले काहीच वाचता येत नाही.

लोहचुंबकाची परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे तिच्यावर फाजील विश्वास ठेवतात. चुंबकाला चिकटले तर ती चांदी नव्हे, हे खरे. पण चिकटले नाही म्हणून चांदी ठरत नाही, कारण तांबे, पितळ, कथील, शिसे यांपैकी कोणीच चिकटत नाही. आणि तो मुख्य बहुरूपी, जर्मन सिल्व्हर, तोही सहसा चिकटत नाही. या जर्मन सिल्व्हरच्या नावातच काय ती चांदी. प्रत्यक्षात ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. जुन्या ताटावर, डब्यावर किंवा कमरपट्ट्याच्या चापावर ई.पी.एन.एस. अशी इंग्रजी अक्षरे दिसली, तर ती चांदीची मोहोर समजून हरखून जाऊ नका. जर्मन सिल्व्हरवर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर चढवला आहे, अशी ती कबुली आहे. ही विद्या इंग्लंडात १८४० च्या सुमारास व्यापाराला लागली आणि तिथून जगभर पसरली.

बर्फाचा खडा ठेवून पाहण्याची युक्तीही हल्ली सांगतात. चांदी उष्णता वाहून नेण्यात सर्व धातूंत अव्वल, म्हणून तिच्यावर बर्फ झरझर वितळतो. जर्मन सिल्व्हरवर तो रेंगाळतो, हेही बरोबर. पण तांबे या बाबतीत चांदीच्या अगदी पाठोपाठ आहे. तांब्याला चांदी चढवून आणली, तर बर्फ बिचारा काय करणार?

घरच्या घरी करायची, दागिन्याला ओरखडाही न पाडणारी आणि खरोखर काही सांगणारी परीक्षा माझ्या मते एकच: पाण्यातले वजन. राजाच्या मुकुटाची परीक्षा करणाऱ्या आर्किमिडीजची गोष्ट आपण शाळेत वाचली आणि तिथेच सोडून दिली. तिचा उपयोग स्वयंपाकघरात होतो. एक दशांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा लहान काटा हल्ली सहज मिळतो. त्यावर दागिन्याचे कोरडे वजन घ्या आणि लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याने निम्माअधिक भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणा. दागिना बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. हात स्थिर ठेवा. आता काटा जो आकडा दाखवील, तो दागिन्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा.

शुद्ध चांदीचे उत्तर साडेदहाच्या जवळ, नेमके सांगायचे तर १०.४९ येते. शंभरात साडेब्याण्णव चांदी आणि बाकी तांबे असेल, तर १०.३६ च्या आसपास. निव्वळ तांबे ८.९६. जर्मन सिल्व्हर आणि पितळ साधारण साडेआठ-पावणेनऊच्या घरात. हे अंतर एवढे मोठे आहे, की साध्या काट्यालाही ते कळते.

आता यातल्या खोचा. दागिना पोकळ असेल किंवा आत लाख भरलेली असेल, तर उत्तर फसवे आणि फार कमी येते. तेवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नये. पैंजणाच्या कड्यांत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून तो पाण्यात हलवून मग आकडा घ्यावा. शिसे चांदीपेक्षा जड, ११.३४. तेव्हा आत शिसे घालून हिशेब जुळवणारा लबाडही असू शकतो, पण जुन्या घरगुती दागिन्यात एवढी हुशारी मला आढळलेली नाही. आणि जोडव्यासारख्या पाच-सात ग्रॅमच्या वस्तूवर ही परीक्षा करू नका. काट्याच्या एका ठिपक्याने उत्तर इकडचे तिकडे होते. भरीव तोडे, गोठ, वाळे यांना मात्र ती फार छान लागू पडते.

वजन घेतलेच आहे, तर त्याचा दुसरा उपयोगही करून घ्या. जुन्या घरांत लग्नाच्या याद्या असतात. पिवळ्या पडलेल्या, कधी मोडीत लिहिलेल्या. त्यात चांदी 'भार रुपये' अमुक अशी मांडलेली असते. म्हणजे तेवढ्या रुपयांची किंमत नव्हे, तेवढ्या रुपयांचे वजन! इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया नेमका एक तोळ्याचा, १८० ग्रेनचा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅमचा. नाणे हेच वजन होते. हल्ली पेठेत दहा ग्रॅमला तोळा म्हणण्याची चाल पडली आहे, आणि या दोन तोळ्यांच्या घोळात कुटुंबेच्या कुटुंबे एकमेकांशी अबोला धरतात. यादीत वीस तोळे लिहिले असेल, तर तो ऐवज २३३ ग्रॅम भरायला हवा. कोणी दोनशे ग्रॅम दाखवून "बघा, वीस तोळे बरोबर आहे" असे म्हणाले, तर तेहतीस ग्रॅम गेले कुठे, हे विचारायला हरकत नाही. उलट जुन्या यादीतला आकडा आणि काट्यावरचा आकडा जवळपास जुळला, तर त्या यादीतली वस्तू हीच, याला तो मोठा आधार.

रुपयाचा आणि दागिन्याचा संबंध वजनापुरताच नव्हता. लोक घरातले रुपये सोनाराकडे नेत आणि समोर बसून आटवून घेत. चांदी कुठली, असा संशयच नको! त्या रुपयात १८० ग्रेनपैकी १६५ ग्रेन शुद्ध चांदी, म्हणजे शंभरात सुमारे ९१.७. असे दागिने पाण्यातल्या वजनात १०.३ च्या आगेमागे उतरतात. पण १९४० साली महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. निम्मी चांदी आणि बाकीचे तांबे, निकेल, जस्त. जुने कसदार रुपये पुढच्या दोन-तीन वर्षांत चलनातून मागे घेतले आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा निघाला. तेव्हा 'रुपये आटवून केलेले' एवढे सांगून भागत नाही. कोणते रुपये?

या एका प्रश्नापायी माझ्या मावशीच्या घरात काय झाले, ते सांगते.

मावशीचे लग्न १९६६ चे. थोरल्या जाऊबाई सात वर्षे आधी आलेल्या. लग्नात सासूबाईंनी मावशीच्या पायांत तोडे घातले. भरीव, पण काळपट, पिवळसर झाक असलेले, एका बाजूने नक्षी सपाट झालेले. जाऊबाईंचे तोडे त्याच घडणीचे, पण पांढरेशुभ्र आणि वजनालाही अंमळ जास्त. स्वयंपाकघरात जाऊबाई हसत हसत बोलून गेल्या, "तुझे जर्मनचे दिसतात गं." झाले! मावशीने मंगळागौर होताच तोडे काढले, डब्यात घातले, ते पुन्हा घातले नाहीत. सासूबाईंना एका शब्दाने विचारले नाही. त्या काळी विचारायचे कसे? पण धाकटी म्हणून आपल्याला फसवले, हा सल मात्र पुढे जन्मभर राहिला. सासूबाईंचे सगळे नीट केले, शेवटच्या आजारात रात्री जागवल्या, पण मन उघडले नाही.

दोन वर्षांपूर्वी मावशीने तो डबा माझ्यापुढे सरकवला. "मोडून टाक. जर्मनचे तर जर्मनचे, येईल ते कामवाल्या बाईला दे."

मी पेला मांडला. एक तोडा कोरडा २०६.८ ग्रॅम. पाण्यात काट्याने वीसचा आकडा दाखवला. भागाकार १०.३४. दुसऱ्याचेही तेच. मावशीला आकड्यांत काही रस नव्हता. ती म्हणाली, "म्हणजे काय ते सांग." मी म्हटले, "मावशी, ही चांदी आहे. जुन्या रुपयांची." तिचा विश्वास बसेना. मग मावसभावाने कपाटातून सासूबाईंच्याच लग्नाची, १९३४ सालची यादी काढली. त्यात लिहिले होते: तोडे जोड एक, भार रुपये छत्तीस. छत्तीस रुपये म्हणजे ४१९.८ ग्रॅम. आमचा जोड भरला ४१३.९. सहाएक ग्रॅम झिजले होते, आणि कुठे झिजले तेही दिसत होते. दोन्ही तोड्यांची नक्षी एकाच बाजूने सपाट, म्हणजे चालताना घोट्यांच्या आतल्या अंगाला ते एकमेकांवर घासत होते. हा मावशीच्या चार दिवसांच्या वापराचा घास नव्हे. बत्तीस वर्षे कोणीतरी ते पायांत वागवले होते.

जाऊबाई तोवर वारल्या होत्या. त्यांच्या सुनेने कुतूहलाने त्यांचे तोडे आणले. एक तोडा २२१.४ ग्रॅम, पाण्यात २३.२. भागाकार साडेनऊच्या थोडा वर. ओळखीच्या सराफाने आतल्या बाजूने बारीक कीस काढून टंच केला. शंभरात पन्नासच्या आसपास चांदी निघाली. थोरल्या सुनेसाठी १९५९ साली पेटीत होते ते रुपये आटवले गेले. ते युद्धकाळातले, निम्म्या चांदीचे. सोनाराने उजळा देताना आम्लात उकळले, तेव्हा वरच्या थरातले तांबे निघून गेले, चांदी तेवढी राहिली आणि तोडे पांढरेशुभ्र दिसू लागले. धाकटीच्या वेळी पेटीत रुपये उरले नसावेत. सासूबाईंनी स्वतःच्या पायांतले काढून दिले.

फसवले कोणी कोणाला नव्हतेच. सरकारने नाणे बदलले होते, एवढेच.

मावशी बराच वेळ तोड्यावर बोट फिरवीत बसली. मग म्हणाली, "पायांतले दिले होते गं त्यांनी. एकदा सांगायचं तरी!" त्या पाडव्याला तिने ते घातले. ऐंशीच्या घरात पाय सुजतात, म्हणून तासभरच.

वर उजळ्याचा उल्लेख आला, तो पुन्हा एकदा अधोरेखित करते, कारण आजच्या यंत्रांनाही तो चकवतो. हॉलमार्क केंद्रांत आणि मोठ्या पेढ्यांत क्ष-किरणांचे यंत्र असते. दागिना आत ठेवला की क्षणात शेकडेवारी पडद्यावर उमटते. काम झकास, पण यंत्र पाहते ते वरचा पातळ थर. मुलामा असो की उजळ्याने पांढरी झालेली कातडी असो, यंत्र तिलाच दागिना समजते. म्हणून जिथे संशय असेल तिथे दिसणार नाही अशा जागी, फाशाच्या आत किंवा कडेखाली, कानशीने बारीक खाच पाडून मग तपासायला सांगावे. जुने सोनार हेच करत. कसोटीवर रेघ ओढण्याआधी ते वरचा थर घासून टाकत. सोन्याला कसोटीचा दगड जेवढा बोलका, तेवढा चांदीला नाही, म्हणून तेजाबाचा थेंब लागतो. थेंब पडून हिरवे फेसाळले तर तांबे-पितळ. नायट्रिक आम्लात डायक्रोमेट विरघळवून केलेल्या द्रावणाचा थेंब चांदीवर रक्तासारखा लाल डाग उमटवतो. शाळेत हा प्रयोग करून दाखवला की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे येत. पण ही आम्ले घरात आणू नयेत. हात भाजतात, दागिन्यावर कायमचा व्रण राहतो आणि डायक्रोमेट तर विषारीच. ते काम पेढीवर, तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

चांदी खरी ठरली तरी ती जुनी आहे, हे ठरत नाही. नवी चांदी गंधकाच्या क्षारात बुडवून घटकाभरात शंभर वर्षांची करता येते. अशा बनावट म्हातारपणात काळेपणा सगळीकडे सारखा असतो. खरा काळेपणा खाचांत दाट आणि माथ्यावर पुसट असतो, कारण माथे रोज कपड्याला, कातडीला घासून उजळत राहतात. झीज तर्काला धरून हवी. जोडवे तळाला पातळ झालेले असते, कारण ते जमिनीला लागते. साखळीच्या कड्या जिथे एकमेकींत अडकतात तिथे लांबट झालेल्या असतात. नक्षी पुसट पण कड्या जशाच्या तशा गोल, असे असेल तर मी भिंग बाजूला ठेवते आणि यजमानांना दुसरा चहा विचारते.

घडणही पाहावी. हाताने फिरवलेल्या कड्या कधी एकसारख्या नसतात. पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढलेल्या तारेवर लांबट बारीक रेघा दिसतात. जुन्या फिरकीचे आटे वेडेवाकडे असतात आणि ती आपल्याच जोडीदारात बसते, दुसऱ्यात नाही. जुन्या डाखाची, म्हणजे जोडाच्या झाळीची, रेघ पिवळसर दिसते. ओतीव नकलेत नक्षीच्या कडा बोथट असतात आणि भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात. हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीला घरोघर चांदीचे काम चालते. तिथल्या एखाद्या जाणत्या कारागिराच्या हातात जुना पैंजण द्या. तो डोळ्यांआधी बोटांनी पाहतो. बोटे फिरवता फिरवता ही कडी मूळची, ही नंतर घातलेली, असे सांगत जातो. डागडुजी झालेली असणे हा दोष नव्हे. उलट तीन पिढ्यांनी वापरलेल्या पैंजणात एकही नवी कडी नसेल तरच मला आश्चर्य वाटते.

मोहोर शोधायची तर तीही उलट्या बाजूने उपयोगी पडते. आपल्या जुन्या दागिन्यांवर बहुधा कसलीच मोहोर नसते. फार तर सोनाराचा लहानसा ठसा. भारतीय मानक ब्यूरोचा चांदीसाठीचा हॉलमार्क २००५ पासूनचा. तेव्हा त्रिकोणी खूण असलेला 'पणजीचा' कमरपट्टा पणजीचा असणे शक्य नाही, किंवा निदान खूण तरी नंतरची. सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी ओळखक्रमांकाची सोय झाली. सुरुवातीला ती ऐच्छिकच होती. नवी चांदी घेताना तो क्रमांक मागून घ्यावा आणि ब्यूरोच्या मोबाइलवरच्या सोयीतून पडताळावा.

लक्ष्मीपूजनासाठी 'राणीछाप' रुपया घेणाऱ्यांसाठी थोडे. दागिन्यात ओवलेल्या रुपयालाही हेच लागू. नाण्यावरचे साल दागिना त्याआधीचा नाही, एवढेच सांगते. नंतरचा तो कितीही असू शकतो. १८६२ साल घातलेले रुपये तर पुढे कित्येक वर्षे त्याच सालाने पाडले जात होते, त्यामुळे ते साल सर्वांत जास्त दिसते आणि नकलाही त्याच्याच जास्त. १८७७ पासून राणीची सम्राज्ञी झाली आणि नाण्यावरचा इंग्रजी शब्दही बदलला. राणीचे बिरुद एक आणि साल दुसऱ्याच काळचे, अशी नाणी मी बाजारात पाहिली आहेत. वजन ११.६६ ग्रॅम, झिजलेले असेल तर थोडे कमी, पण जास्त कधीच नाही. कडेचे दाते सरळ आणि एकसारखे असावेत. दातांवरून चिरणीसारखी आडवी रेघ गेली असेल, तर ते साच्यात ओतलेले समजावे.

आणखी एक गोष्ट, परदेशी मुलाबाळांकडे ऐवज पाठवणाऱ्यांसाठी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. 'पेशवाईतलं आहे' ही फुशारकी विमानतळावर महाग पडायची! वस्तू तेवढी जुनी नसेल, तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला मिळतो.

एवढे सगळे झाल्यावरही मोडायचेच असेल, तर खुशाल मोडा. तुटक्या कड्या, एकेकटी जोडवी, मुलामा उडालेले डबे जपून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र आधी छायाचित्र काढा. लाख भरलेली असेल तर ती काढून निव्वळ चांदीचे वजन आपल्यासमोर करवून घ्या आणि टंचाचा आकडा चिठ्ठीवर लिहून मागा. जे ठेवाल त्याच्याबरोबर एक कागद ठेवा: कोणाचे, कोणत्या लग्नातले, कोरडे वजन किती, पाण्यात किती. कागद शाईने लिहू नका, पेन्सिलीने लिहा. दमटपणाने शाई पसरते. दागिना धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा, लोकरीत नको. आणि पुडी बांधायला सुती दोरा घ्या, रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ उमटते आणि ती सहजासहजी निघत नाही.